वादळ डाव्या हाताला

ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत सगुणेच्या घरी भिंतीवर एक गोल यंत्र टांगलेलं होतं. घड्याळ म्हणावं तर काटा एकच, आणि तोही दिवसभरात बोटभर हलेल तर शपथ. शेजारणी विचारायच्या, हे बंद पडलंय का? सगुणा सांगायची, हवेचं वजन दाखवतं. त्यावर शेजारणी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. हवेला वजन असतं म्हणे! उद्या ही बाई सांगेल, उन्हाला चव असते.

यंत्र नवऱ्याचं. विठ्ठल लढाईच्या काळात कल्याणजवळ नेवाळीच्या विमानतळावर कामाला होता. काम काय, तर लाल फुगे आकाशात सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांच्या मागे डोळा लावून वरचा वारा कुठला ते सांगायचं. लढाई संपली, गोरे साहेब गेले, फुगेही गेले. विठ्ठलला ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरी लागली. लष्करी सामानाचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, घोंगड्या घेतल्या. हा पठ्ठ्या बॅरोमीटर छातीशी धरून घरी आला. त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला, तो तिचा हक्कच होता.

लग्न झालं अठ्ठेचाळीसच्या वैशाखात. सगुणा ठाण्याच्या कोपरीची, मिठागरात राबणाऱ्या घरची, चौथी शिकलेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी ती यंत्रावरची धूळ पुसत होती आणि बघते तर काटा खाली, कधी नव्हे इतका खाली. वाटलं, आपल्याच हातून मोडलं. नवी नवरी, नवऱ्यानं जिवापाड जपलेली वस्तू, आणि तो कामावर गेलेला. तिनं यंत्रावर फडकं टाकलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्याच रात्री मुंबई-ठाण्यावर ते वादळ येऊन आदळलं. विठ्ठल दोन दिवस पॉवरहाऊसवरच अडकला. कोपरीला खाडीचा बांध फुटला, आणि तो अडवायला गेलेला गणूकाका, सगुणेच्या वडिलांचा धाकटा भाऊ, परत आला नाही. त्याच काकानं तिला खांद्यावर बसवून ठाण्यातली दहीहंडी दाखवलेली.

यंत्र मोडलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काटा आपला मुकाट्यानं वर आला होता.

सगुणा हे कोणाला म्हणजे कोणाला बोलली नाही, विठ्ठललासुद्धा. त्याला एवढंच म्हणाली, मला हे वाचायला शिकवा. विठ्ठलला काय, आंधळा मागतो एक डोळा! त्यानं उत्साहानं एक वही आणली, रेघा मारून दिल्या आणि दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली अशी, की हवेलाही खाडीसारखी भरती-ओहोटी असते. सकाळी दहाला काटा चढलेला, मग उतरत उतरत दुपारी चारला तळाला, पुन्हा वर. वादळ असो नसो, हे रोजचं. म्हणून आजच्या दहाशी आजचे बारा ताडायचे नाहीत. आजचे बारा कालच्या बाराशी ताडायचे. मिठागरातल्या पोरीला भरती-ओहोटी समजवावी लागत नाही. तिला ते एका दमात कळलं.

दुसरी गोष्ट ऐकून ती हसली होती. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा, विठ्ठल म्हणाला, आणि डावा हात सरळ पसर. वादळ त्या हाताच्या दिशेला असतं. ते कितीही लांब असो, हात खोटं बोलत नाही.

चार वर्षं सगुणेनं वहीत एक दिवस कोरा जाऊ दिला नाही. तापानं फणफणलेली असतानाही भिंतीला धरून उठायची आणि काटा बघायची. वारा बघायला पॉवरहाऊसची धुराडी होतीच. असला मोठा धूर सरकारनं जणू हिच्यासाठीच सोडलेला.

तर आता बावन्न सालचा मे महिना. वैशाखी पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. समुद्रात वादळ उठल्याची बातमी परवाच वर्तमानपत्रात आलेली. ते गोव्याच्या पश्चिमेला आहे, उत्तरेकडे सरकतंय, कोळ्यांनी दर्यात जाऊ नये. बंदरावर बावटा चढला. ज्यांनी अठ्ठेचाळीस पाहिलं होतं त्यांनी घरांवरची कौलं दोरांनी बांधून घेतली. शहाण्या माणसानं तेच करावं.

सकाळी साडेआठला कोपरीची आवडाबाई सुकी मासळी घेऊन चाळीत आली. टोपली उतरवायच्या आधीच तिनं बातमी उतरवली. मिठागर ज्याचं त्या शेठच्या बंगल्यातल्या गुरुदत्त कारकुनाकडेही एक असलाच काटा आहे, काल दुपारभर तो खाली खाली जात होता, कारकून घाबराघुबरा झाला आणि सगुणेच्या बापानं, भिवानं, ठरवलंय की आज दुपारच्या उधाणाला उघाडी काढायची.

सगुणेच्या हातातला सुका बोंबील हातातच राहिला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते उघडलं की खाडीचं पाणी आत येतं. आत-बाहेर पाणी सारखं झालं की बांधावर जोर येत नाही, बांध वाचतो. हे खरं. पण वाफ्यांत पिकून पांढरं झालेलं मीठ, पावसाआधीची शेवटची आणि सगळ्यांत मोठी काढणी, चाळीस घरांची चार महिन्यांची मेहनत, सगळं पाण्यात विरघळून जातं. ते उचलायचं तर पाच दिवस लागतात, आणि हातात अर्धा दिवसही नव्हता.

तिनं वही उघडली. काल सकाळी आठला काटा त्रेपन्नाच्या घरावर होता. आज आठला साठावर. परवा पॉवरहाऊसचा धूर खाडीकडे, म्हणजे पश्चिमेला चाललेला. काल संध्याकाळी वायव्येला वळला. आज सकाळी सरळ उत्तरेला. म्हणजे वारा पूर्वेचा होता तो दक्षिणेचा झाला. ती अंगणात आली, वाऱ्याकडे पाठ केली आणि चाळीतल्या सगळ्या बायकांदेखत डावा हात पसरला. परवा हा हात दक्षिणेकडे दाखवत होता. आज तो पश्चिमेला, लांब दर्यात दाखवत होता.

आणि इथंच तिच्या मनात चमकलं. वादळ आज अगदी समोर आलंय, बरोबर आपल्या बाजूला. याहून जवळ ते यायचं नाही. इथून पुढे जाईल ते लांबच. मग आज काटा सगळ्यांत खाली हवा. पण तो कालच्यापेक्षा सात घरं वर आहे. जवळ येऊनही काटा वर, म्हणजे वादळाचंच पोट खपाटीला गेलंय!

विठ्ठलची पाळी संध्याकाळपर्यंत होती आणि त्याला बोलावणं शक्य नव्हतं. चार वर्षांपूर्वीची सगुणा आठवली तिला, फडकं टाकून गप्प बसलेली. तिनं तेच फडकं घेतलं, यंत्र त्यात गुंडाळलं, वही कमरेला खोचली, शेजारणीला घराची किल्ली दिली आणि आवडाबाईला सोबत घेऊन दहाची गाडी पकडली. कळव्याच्या पुलावरून तिनं खाडी पाहिली. पाणी गढूळ होतं, चढायला लागलेलं.

कोपरीला शेठच्या बंगल्याच्या ओटीवर अख्खं गाव जमलं होतं. गुरुदत्त कारकून काट्यासमोर खुर्ची टाकून बसलेला, शुद्ध भाषेत दर पंधरा मिनिटांनी निर्वाणीचं बोलत होता. दहा वाजल्यापासून काटा सतत उतरतो आहे, काल उतरत होता तसाच. भिवा ओटीखाली उभा होता, हातात उघाडीची पहार. चार वर्षांत त्याचे केस मिठासारखे झाले होते.

मुलीला बघून तो म्हणाला, आज कशाला आलीस, वादळ येतंय. सगुणेनं यंत्र काढून कारकुनाच्या यंत्राशेजारी ठेवलं. लोकांत हसू फुटलं. एकानं विचारलंच, सासरहून पोळपाट आणलास का गं? सगुणेनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं कारकुनाला नम्रपणे विचारलं, काल बाराला तुमचा काटा कुठं होता?

कारकुनानं तो लिहून ठेवला नव्हता. उतरतोय एवढं बघितलं, किती ते कशाला लिहायचं? हीच तर गंमत. चार वर्षं भिंतीवर यंत्र, आणि वादळाची बातमी आल्याखेरीज त्याच्याकडे बघायचं नाही. बघायचं तेही दुपारी, जेवणं आटोपल्यावर. दुपारी तर तो रोजच उतरतो!

सगुणेनं वही उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. काल दहाला पंचावन्न, बाराला पन्नास, एकला अठ्ठेचाळीस. परवाही तेवढाच उतार, महिन्यापूर्वी निरभ्र आभाळ होतं तेव्हाही तेवढाच. आज दहाला, गाडी पकडताना, माझा काटा बासष्टावर होता, ती म्हणाली. बाराला तो सत्तावन्नावर येईल आणि एकला पंचावन्नावर. तुमचा आकडा वेगळा असेल, पण चाल हीच असेल.

बाराला दोन मिनिटं कमी होती. ओटीवरचे सगळे पुढं सरकले. सगुणेचा काटा सत्तावन्नावर होता. मघाशी पोळपाट म्हणणाऱ्यानं डोकं खाजवलं.

पण भिवाला आकड्यांशी काय देणंघेणं? तो म्हणाला की काटा माणसानं केलेला आहे, खाडी देवानं. एकच्या आत उघाडी काढली नाही तर पाण्याच्या दाबानं दार हलत नाही, मग पश्चात्ताप करून उपयोग नाही. त्याचं चुकत होतं असंही नाही. भाऊ गमावलेल्या माणसानं आणखी काय बोलावं?

मग सगुणेनं त्याला मैदानात नेलं. म्हणाली, बाबा, वाऱ्याकडे पाठ करा. भिवा कुरकुरला, पण फिरला. डावा हात पसरा. त्यानं पसरला. हात येऊरच्या डोंगराकडे गेला, त्याच्यापलीकडे दर्या.

"काल वारा कुठून होता?" तिनं विचारलं.

"पारसिकाकरनं."

"पारसिकाच्या डोंगराकडे, उगवतीला पाठ करा आणि पुन्हा हात पसरा."

भिवा फिरला आणि त्याचा हात मुलुंडाकडे, दक्षिणेकडे वळला. तो तसाच थांबला. मिठागरातला माणूस तो. वारा कसा फिरतो हे त्याला कोणी शिकवायला नको होतं, फक्त तो कशाभोवती फिरतो हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगुणेनं सांगितलं. वादळ तिथं असतं जिथं हा हात दाखवतो. काल दक्षिणेला होतं, आज पश्चिमेला आहे. आपल्यावर येणारं वादळ एकाच दिशेला राहतं आणि काटा पडत जातो. हे बाजूनं चाललंय, आणि चालता चालता मरतंय.

बघता बघता सगळं गाव वाऱ्याकडे पाठ करून डावा हात पसरून उभं राहिलं. बायका, म्हातारे, आवडाबाई टोपली डोक्यावर घेऊन. गुरुदत्त कारकूनसुद्धा धोतर सावरत ओटीवरून उतरला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोपरीचे लोक नवी कवायत शिकतायत.

एकला काटा बघायला भिवा स्वतः ओटी चढला. शेठच्या ओटीवर तो जन्मात चढला नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून सगुणेनं आपल्या काट्याखाली बोट ठेवलं आणि कारकुनाला वाचायला सांगितलं. कारकुनानं चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, पंचावन्न.

भिवानं पहार खाली ठेवली नाही. तो मुलीकडे बघत राहिला.

"तुज्या काट्याचा आकरा चुकला तर?"

"मी बांधावर उभी राहते, बाबा. पाणी उतरेपर्यंत हलणार नाही."

भिवानं पहार खांद्यावर टाकली आणि बांधाच्या दिशेनं चालायला लागला. सगुणेला वाटलं, गेलं सगळं. पण उघाडीपाशी तो थांबला, पहार आडवी ठेवली आणि तिच्यावरच बसला. म्हणजे आता ती उचलायची तर आधी भिवाला उचलावं लागलं असतं, आणि तशी छाती गावात कोणाची नव्हती.

पाणी चढलं. दोन वाजता बांधाच्या माथ्याखाली दोन हात होतं, सव्वादोनला दीड, अडीचला एक. दक्षिणेचा वारा सपकारे मारत होता, आभाळातून चार थेंबही पडले, आणि त्या थेंबांनी वाफ्यांत बसलेल्या बायकांचा जीव गोळा झाला. सगुणा बांधावर उभी होती, पदर खोचून. भीती वाटत नव्हती म्हणाल तर खोटं. हाच तो बांध, हीच ती जागा. तिनं मनात काटा धरून ठेवला, दुसरं काही धरायला नव्हतं.

तेवढ्यात बंगल्याकडून निरोप आला की काटा आणखी उतरला, चौपन्नाच्याही खाली. लोक चुळबुळले. सगुणेनं न वळता सांगितलं, चारला बावन्न होईल आणि मग चढेल; त्याला सांगा, चहा प्यायला हरकत नाही.

पाणी एक हातावर थांबलं. थांबलं ते थांबलंच. बराच वेळ बांधाच्या दगडावर एकाच रेघेला चाटत राहिलं, आणि मग त्या रेघेखाली ओला पट्टा दिसायला लागला. आधी बोटभर, मग चार बोटं. मिठागरातल्या माणसाला उतरणारं पाणी ओळखायला कोणी सांगावं लागत नाही. वाफ्यांच्या बाजूनं आवडाबाईनं एकटीनंच टाळी वाजवली, आणि मग सगळ्या बायांनी.

चारला काटा बावन्नावर गेला. साडेपाचला चौपन्न. वाराही आता नैऋत्येचा झाला होता, आणि कोपरीचे लोक कोणी न सांगता हात पसरून बघत होते. हात गुजरातेच्या दर्याकडे जात होता. संध्याकाळी शेठच्या रेडिओवर बातमी लागली की अरबी समुद्रातलं वादळ क्षीण झालं असून त्याचा जोर ओसरला आहे. गुरुदत्त कारकुनानं रेडिओ बंद केला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, हे यांना आमच्यानंतर कळलं. अख्खी ओटी हसली. सगुणा त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ती बांधावर परत गेली. भिवा अजून पहारेवर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि चार वर्षं गिळून ठेवलेलं बोलली. काका गेला त्या सकाळी काटा मला दिसला होता. मला वाटलं मी मोडला. मी झाकून ठेवला, बाबा. कोणाला बोलले असते तर निरोप आला असता.

भिवा खाडीकडे बघत होता.

"मीच बांधावर धारलेला त्याला," तो म्हणाला. "तो नको बोलत होता. मी बोललो, जा, बांध बघ. चार वरसं मी बी कोनाला सांगितला नाय."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात खरखरीत होता, मिठानं चिरलेला. लहानपणी ती त्याच्या हाताला नावं ठेवायची. आज तिनं तो तसाच राहू दिला.

"तवा दोगंबी गप रायलो," भिवा म्हणाला. "आज तू बोललीस, बाय. म्हनून उघाडी मिटलेली हाय."

त्या रात्री सगुणा माहेरी राहिली. सकाळी उजाडलं तेव्हा सगळं गाव वाफ्यांत उतरलं होतं. लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ ओढलं जात होतं, टोपल्या भरत होत्या, उंचवट्यावर रास चढत होती. पहिली टोपली भिवानं राशीवर न टाकता बांधावर नेली आणि गणूकाकाच्या नावानं खाडीत सोडली. मग वाऱ्याकडे पाठ करून, डावा हात पसरून तो उभा राहिला, जणू जन्मभर हेच करत आलाय, आणि समाधानानं मान हलवून कामाला लागला.

आठ वाजता सगुणेनं काटा बघितला आणि राशीच्या सावलीत बसून वही उघडली. भिवा टोपली घेऊन जाता जाता थांबला. काय लिहितेस, त्यानं विचारलं. तिनं वाचून दाखवलं.

"सकाळी आठ. काटा त्रेसष्ट. वारा पश्चिमेचा. मीठ कोरडं."